दहा हजार धबधब्यांच्या गावाला

सिॲटलच्या माणसाने पाऊस-पाणी बघायला तीन-चार तास गाडी हाकत जायचं, म्हणजे कोल्हापूरकराने तिखट खायला पुण्याला जाण्यासारखंच झालं. तरीही २०१९च्या जूनमध्ये आम्ही ते केलं. नुसतं गाडीने गेलो नाही, तर पुढे पाठीवर बोजा घेऊन तेरा मैल चाललो. आणि बरोबर नेलं कुणाला? एकोणसत्तर वर्षांच्या बाबांना.

आधी थोडी पार्श्वभूमी. आदल्या वर्षी आई गेली. बाबा कऱ्हाडच्या घरात एकटे. मोठ्या मिनतवारीने आम्ही त्यांना सहा महिन्यांसाठी इकडे आणलं. आपल्यापैकी ज्यांच्याकडे आई-वडील येऊन राहतात त्यांना पुढचं सांगायला नको. आम्ही दोघं कामावर, मुलं शाळेत, आणि बाबा खिडकीत. समोरच्या रस्त्यावरून दिवसभरात किती गाड्या गेल्या हे ते संध्याकाळी सांगायचे. "आज एक्केचाळीस. काल जास्त होत्या."

आमच्या मनात एक प्रश्न घोळत होता. बाबांनी आता कायमचं इथेच राहावं, ग्रीन कार्डचे कागद भरावेत, असं आम्हाला वाटत होतं. पण विचारायचं कधी? जेवणाच्या टेबलावर विषय काढला की बाबा ताकाची वाटी तोंडाला लावत. तेव्हा कुठेतरी फोन लागणार नाही, टीव्ही नसेल, अशा ठिकाणी जाऊन निवांत बोलू, असं आम्ही दोघांनी ठरवलं.

ठिकाण मुलीने शोधलं. ऑलिंपिक नॅशनल पार्कच्या दक्षिण भागात क्विनॉल्ट नदीचा पूर्वेकडचा फाटा डोंगरातून खाली येतो. त्याच्या काठाने ग्रेव्हज क्रीकपासून तेरा मैल वर चालत गेलं की 'एन्चांटेड व्हॅली' लागते. मंतरलेली दरी. रस्ता नाही, पायी जायचं नाहीतर घोड्याखेचरावरून. दोन्ही बाजूंच्या काही हजार फूट उंच कड्यांवरून इतकं पाणी कोसळतं की या दरीला 'दहा हजार धबधब्यांची दरी' असंही म्हणतात.

"बाबांना तेरा मैल झेपेल का?" यावर घरात आठवडाभर चर्चा झाली. शेवटी बाबांनीच निकाल दिला. "तेरा मैल म्हणजे साडेसहा कोस. मास्तरकीच्या पहिल्या वर्षी दर शनिवारी घरी यायला मी पाच कोस चालत होतो. तुम्ही तुमचं बघा."

मग तयारी सुरू झाली. दशम्या, मेतकूट, भाजणी, शेंगदाण्याची चटणी, गूळ. इथल्या जंगलात अस्वलं असल्यामुळे खाण्याची प्रत्येक वस्तू जाड प्लॅस्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरावी लागते आणि रात्री तो डबा तंबूपासून लांब ठेवावा लागतो. बाबांनी तो डबा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "म्हणजे शिंकंच की! फक्त मांजर जरा मोठं आहे." चालायच्या काठ्या विकत आणल्या होत्या, त्यांना त्यांनी हात लावला नाही. कऱ्हाडहून आणलेली काळी लांब दांड्याची छत्रीच काठी म्हणून घेतली.

वाटेत क्विनॉल्ट तळ्याकाठी थांबलो. तिथलं जुनं लॉज १९२६ सालचं. प्रेसिडेंट रुझवेल्ट १९३७मध्ये इथे येऊन गेले आणि पुढच्याच वर्षी ऑलिंपिक नॅशनल पार्क अस्तित्वात आलं. लॉजच्या चिमणीवर पाऊस मोजायची एक उंच पट्टी आहे आणि तिच्यावर इंच नाहीत, फूट आहेत! वर्षाला साधारण बारा फूट पाऊस. आम्ही अभिमानाने बाबांना दाखवलं. बाबांनी मान वर करून बघितलं. "बरा आहे. आमच्या कोयनेला याहून जास्त पडतो. आणि तोही चार महिन्यांत. तुम्ही वर्षभर भिजता." मुलं खो खो हसली. आम्ही गप्प.

ग्रेव्हज क्रीकपासून पहिले दोनेक मैल वाट रुंद आहे. हा पूर्वीचा गाडीरस्ता. जंगलाने तो हळूहळू परत घेतला आहे. चढ संपतो तिथे एक पिकनिकचं टेबल आहे. अशा रानात टेबल कसं, असं वाटतं, पण एके काळी तिथपर्यंत रस्ता होता त्याची ती खूण. तिथून वाट उतरते आणि अडीच मैलांवर पोनी ब्रिज लागतो. खाली नदी अरुंद घळीत शिरलेली. पाण्याचा रंग असा निळसर हिरवा की मुलाने विचारलं, "आजोबा, यात कुणी कलर टाकला?" बाबा कठड्याला धरून बराच वेळ वाकून बघत राहिले.

पुलानंतर खरं रान सुरू होतं. हेमलॉक, स्प्रूस, डग्लस फर, सीडार. कवेत घ्यायला आम्ही पाचहीजण अपुरे पडू अशी खोडं. मेपलच्या फांद्यांवरून शेवाळ लोंबतंय, खाली गुडघाभर नेचे. पडलेल्या एकेका प्रचंड ओंडक्यावर नवीन झाडांची रांग उगवलेली. मेलेल्या झाडाच्या अंगावर पोरंटोरं वाढावीत तशी. बाबा म्हणाले, "ही देवराई आहे. इथे मोठ्याने बोलू नये." त्यानंतर मुलंसुद्धा हळू बोलायला लागली. आम्ही वर्षानुवर्षं सांगून जे जमलं नव्हतं ते देवराई या एका शब्दाने झालं.

बाबांची चाल तासाला एक मैल. पहिल्या तासात आमची चुळबुळ झाली, दुसऱ्या तासात आम्ही त्यांच्या चालीला लागलो, आणि तिसऱ्या तासात लक्षात आलं की या देशात एवढी वर्षं राहून आम्ही इतकं हळू कधी चाललोच नाही. ओढे मोजायचे, नेच्यांची पानं उलटी करून बघायची, गुळाचा खडा तोंडात टाकायचा. एका वळणावर एल्क हरणांचा कळप नदी ओलांडताना दिसला. ही इथली 'रुझवेल्ट एल्क' जात. त्यांना वाचवायच्या तळमळीतूनच या पार्कच्या मागणीला जोर आला होता. पहिला मुक्काम पावणेसात मैलांवर, ओ'नील क्रीकपाशी. संध्याकाळी नऊ वाजले तरी उजेड होता. बाबा "अजून दिवस मावळला कसा नाही" म्हणत म्हणतच झोपी गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र गाडी अडली. पायराइट्स क्रीकच्या अलीकडे वाटेत एक ओढा आडवा आला. फार रुंद नव्हता, पण मांडीपर्यंत पाणी आणि ओढ जबरदस्त. आमच्यातल्या इंजिनिअरने लगेच व्याख्यान झोडलं. वरच्या डोंगरावरचं बर्फ दिवसा उन्हाने वितळतं, म्हणून असे ओढे दुपारनंतर फुगतात आणि पहाटे सर्वांत उतरलेले असतात. हे सगळं सांगून झाल्यावर त्याच इंजिनिअरने बुटांच्या नाड्या आवळल्या आणि "चला, पटकन होऊन जाईल" म्हणून पाण्यात पाय घातला. घड्याळ दिसत होतं ना! साडेतीन वाजले होते आणि दरी जेमतेम साडेतीन मैल उरली होती.

चौथ्या पावलाला खालचा गोटा फिरला. पाठीवरच्या बोज्यासकट आमचा इंजिनिअर आडवा. दहा-बारा फूट वाहत जाऊन एका ओंडक्याला अडकला म्हणून बरं. मुलगी किंचाळली. बाबा छत्रीची मूठ पुढे करून काठावर पालथे झाले होते. ती मूठ हाताला लागली आणि बाहेर आलो. गुडघा सोलवटला, स्लीपिंग बॅग भिजली, बाकी काही नाही. पण त्याच्या जागी मुलगा असता तर? हा विचार आजही आला की अंगावर काटा येतो.

बाबा रागावले नाहीत. धाप लागली होती ती बसली आणि मग म्हणाले, "अरे, सगळं समजत होतं तुला. मग थांबला का नाहीस? आमच्याकडे ओढा चढला की माणूस अलीकडच्या काठावर बसतो. पाणी काय, उतरतंच."

बसलो. अलीकडच्याच काठाला जरा उंचावर तंबू ठोकले. कपडे फांद्यांवर वाळत घातले, भाजणी शिजवली. त्या संध्याकाळी बाबा आपणहून बोलायला लागले. इतक्या वर्षांत आम्ही तुकड्यातुकड्याने ऐकलेली गोष्ट त्यांनी त्या दिवशी नातवंडांना सलग सांगितली.

कोयनेवर धरण झालं आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला पाणी अडलं, तेव्हा बाबा अकरा-बारा वर्षांचे. शिवसागर जलाशयाखाली जी गावं गेली त्यांत त्यांचं गाव होतं. काही लोक लांब दुसऱ्या जिल्ह्यांत गेले. बाबांच्या घरचे पाण्याच्या वर, डोंगराला सरकले. घर मोडून त्याचे वासे, खांब, दाराची चौकट डोक्यावरून वर नेली. "मी उंबरा उचलायला हात लावला होता," बाबा म्हणाले. "आजी उंबऱ्याला हळदकुंकू लावून मग उचलू द्यायला लागली." वर नवं घर उभं केलं. ते पाच-सहा वर्षं टिकलं. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला आणि भिंती बसल्या. माणसं वाचली. चौकटही वाचली. मग ती चौकट घेऊन ते कऱ्हाडला आले. आज कऱ्हाडच्या घराला पुढच्या दाराला आहे ती तीच.

मुलगी म्हणाली, "आजोबा, म्हणजे ते दार तीन घरांचं आहे?" हे आमच्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. आम्ही त्या दारातून हजारदा आत-बाहेर केलं होतं.

सकाळी सहाला पाहिलं तर ओढा गुडघ्याच्या खाली. बोज्यांचे कमरपट्टे सोडले, म्हणजे पडलंच तर बोजा झटकून टाकता येतो. बूट पायातच ठेवले. एकमेकांच्या हातात हात गुंफून, तोंड पाण्याच्या वरच्या अंगाला करून, एकेक पाऊल टाकत सगळे पलीकडे गेलो. पाच मिनिटांचं काम.

त्या दिवशी दुपारच्या आत दरीच्या तोंडाशी पोचलो. नदीवरचा पूल ओलांडला, झाडी विरळ झाली आणि एकदम समोर आकाश उघडलं. खाली सपाट हिरवं कुरण, आणि बाजूला उभाच्या उभा कडा. कड्यावर पांढऱ्या रेघा. एक, दोन, पाच, वीस... मुलाने त्रेसष्टपर्यंत मोजले आणि सोडून दिलं. काही जाड, गर्जत येणारे. काही इतके बारीक की वाऱ्याने मध्येच उडून जातात, खाली पोचतच नाहीत. इंजिनिअरला परत राहवलं नाही. हिमयुगात या दरीतून बर्फाची नदी सरकली, तिने मुख्य दरी खोल खरवडली, बाजूचे ओढे वरच लटकत राहिले, म्हणून ते असे कड्यावरून उडी घेतात. आपल्या सह्याद्रीत लाव्हाचे थर एकावर एक बसून पायऱ्या झाल्या, त्यांवरून पावसाळ्यात पाणी येतं. बाबा म्हणाले, "नवज्याचा ओझर्डे धबधबा बघितलास ना? तसा. पण इथे त्याची सगळी भावंडं एकत्र राहतात."

कुरणात एक जुनं लाकडी घर उभं आहे. त्याला शॅले म्हणतात. १९३०-३१मध्ये इथलीच झाडं तोडून, बाकीचं सामान घोड्यांवरून आणून हे प्रवाशांसाठी बांधलं. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची विमानं येतात का ते बघायला इथे पहारेकरी होते. २००७मध्ये त्याची राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत नोंद झाली. पण नदीला यादी वाचता येत नाही. अशा दरीत नदी वरून गोटे-वाळू आणते, स्वतःचंच पात्र भरून टाकते, मोठे ओंडके अडकतात आणि मग ती बाजूला नवी वाट काढते. २०१४च्या जानेवारीत तिचा मुख्य प्रवाह घरापासून जेमतेम दीड फुटावर आला. पुढच्या काही आठवड्यांत घराखालची जमीन काही फूट आत पोखरली गेली. शेवटी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हे आख्खं घर पोलादी तुळयांवर घेऊन, हायड्रॉलिक जॅकने ढकलत, शंभर फूट मागे सरकवलं. रस्ता नसलेल्या दरीत! सामान आणायला हेलिकॉप्टर आणि खेचरं.

आम्ही हे मोठ्या कौतुकाने सांगत होतो. बाबांनी घराला एक फेरी मारली. कोपऱ्यातल्या ओंडक्यांचे सांधे हाताने चाचपून बघितले, "सुतार चांगला होता" म्हणाले. मग घराच्या कोपऱ्यापासून नदीच्या काठापर्यंत पावलं मोजत गेले. फार पावलं भरली नाहीत. मधल्या पाच वर्षांत नदी परत घराच्या दिशेने सरकली होती.

संध्याकाळी काठावर बसलो होतो. मुलं पाण्यात दगड टाकत होती. हीच वेळ, म्हणून आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि विषय काढला. कागद भरू या, बाबा. इथेच राहा. तुमच्यासाठी खालची खोली आहेच.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. धबधब्यांचा आवाज एवढा होता की त्यांना ऐकू गेलं नाही की काय, असं वाटलं. मग म्हणाले, "घर हलवता येतं रे. मी दोनदा हललोय. पहिल्यांदा पाण्याने, दुसऱ्यांदा भूकंपाने. दोन्ही वेळा कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही विचारताय, बरं वाटलं. पण आता नको."

आम्ही म्हटलं, "तिथे एकटे पडाल."

"पडेन. इथेही गाड्या मोजतोच ना?" असं म्हणून हसले. आणि मग जरा थांबून म्हणाले, "तुम्ही आपणहून आलात. तुमची मुळं इथे धरली. त्याचं मला वाईट वाटत नाही, हे एकदा सांगायचं होतं. आईलाही वाटत नव्हतं."

आम्ही त्यांना उत्तर द्यायला गेलो होतो की त्यांच्याकडून घ्यायला, असा प्रश्न पडला. एवढी वर्षं दर फोनला आम्ही अपराधी चेहऱ्याने बोलत आलो. हे एक वाक्य ऐकायला आम्हाला फोन नसलेल्या दरीत जावं लागलं.

त्या रात्री कुणालाच लवकर झोप लागली नाही. अंधारात धबधबे दिसत नाहीत, पण ऐकू येतात. पहाटेकडे आवाज हळूहळू कमी होत गेला. बाबा आपल्या पिशवीतून म्हणाले, "उतरलं बघ पाणी."

परतीला पुन्हा ओ'नील क्रीकला मुक्काम करून पाचव्या दिवशी गाडीपाशी आलो. आठवड्याने फोटो बघताना लक्षात आलं की धबधब्यांचे फोटो तीस आणि काळ्या छत्रीचे चाळीस आहेत.

जाणाऱ्या मंडळींसाठी थोडक्यात. मे-जूनमध्ये बर्फ वितळत असतं तेव्हा धबधबे भरात असतात. ऑगस्टपर्यंत बरेचसे आटतात. रात्री राहायचं तर पार्कचं परमिट आधी काढावं लागतं. खाण्यासाठी अस्वलाचा डबा न्यावाच लागतो. शॅलेत राहता येत नाही, तंबू न्या. ग्रेव्हज क्रीकचा रस्ता पुरात वाहून जातो आणि महिनोन् महिने बंद राहतो, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करा. वयस्कर मंडळींना तेरा मैल झेपणार नसतील तर पोनी ब्रिजपर्यंत अडीच मैल जाऊन परत या. तेवढ्यानेही पैसे वसूल. आणि ओढ्याला पाणी चढलेलं असेल तर अलीकडे बसा. गुडघ्यावरची खूण दाखवून सांगतो आहोत.

आणखी एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. ही नदी ज्या माउंट अँडरसनवरून येते, तिथे अँडरसन ग्लेशियर नावाची हिमनदी होती. ती आता उरलेली नाही. गेल्या शतकात आटत आटत संपली. दरीतलं पाणी आता त्या त्या वर्षीच्या हिमावर आणि पावसावर चालतं. म्हणजे ज्यांना बघायचंय त्यांनी फार वर्षं पुढे ढकलू नये.

बाबा त्या सप्टेंबरात कऱ्हाडला परत गेले. पुढे कोविडची दोन वर्षं आम्हाला त्यांच्याकडे जाता आलं नाही. दर रविवारी व्हिडिओवर बोलायचो तेव्हा ते मुद्दाम पुढच्या दारात खुर्ची टाकून बसत. मागे ती चौकट दिसत असे. आता पंचाहत्तरी झाली. चालणं कृष्णेच्या घाटापर्यंत, तेही छत्री टेकत. दरवर्षी जून लागला की त्यांचा फोन येतो. तब्येत, नातवंडं, सगळं विचारून होतं आणि शेवटी एक प्रश्न ठरलेला. "काय रे, सुटले का तिकडचे धबधबे?"

"सुटले, बाबा."

"इथलेही सुटतील आता. ढग आलेत."